श्रेययादीतला राइट

पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडची 1987 ची रेकॉर्ड 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' हातात आली की आधी कव्हरवरच्या खाटा बघाव्यात. सातशेच्या आसपास लोखंडी खाटा, गाद्या-चादरींसकट, इंग्लंडात डेव्हनच्या सॉंटन सँड्स चौपाटीवर खरोखर मांडल्या होत्या. पाऊस आला, पसारा आवरला, आणि काही दिवसांनी तोच खटाटोप पुन्हा. हौसेला मोल नाही ते असं.

मग आत बघावं. फोटो दोघांचाच, गिटारवाला गिल्मर आणि ड्रमवाला मेसन. ऑर्गन वाजवणारा रिचर्ड राइट सापडतो तो श्रेययादीत, बोलावलेल्या वादकांच्या सोबतीला. 'द वॉल' या आधीच्या अल्बमच्या वेळी त्याला काढलं होतं, तो अजून पुरता परतला नव्हता.

समीक्षकांनी मात्र एकच रिकामा पाट मोजला, बँडची गाणी लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सचा. 1985 मध्ये तो निघून गेला होता आणि बँडचं नाव कोण वापरणार यावरून प्रकरण कोर्टात होतं. त्यामुळे परीक्षणंही तराजू घेऊनच लिहिली गेली: आवाज तोच, पण सांगण्यासारखं काय उरलं? वॉटर्सनं तर ही बऱ्यापैकी हुशार नक्कल आहे म्हणून मोडीत काढली. रेकॉर्ड इंग्लंड-अमेरिकेत तिसऱ्या नंबरापर्यंत गेली ते वेगळं.

पण शब्द बाजूला ठेवून नुसता ठेका ऐका. मेसनचा सराव सुटला होता, म्हणून बऱ्याच जागी जिम केल्टनर, कार्माइन अपीस हे बाहेरचे ड्रमवाले नाहीतर यंत्र. ड्रमचा घुमारा फुगवायचा आणि लगेच कापायचा, ही त्या दशकाची खोड इथेही. मेसन एरवी ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळतो; यंत्र रेंगाळत नाही. राइटच्या ऑर्गनचा जो ओला पडदा गिटारमागे असायचा, तोही फार थोडा. म्हणजे रिकामे पाट तीन होते. पुढे राइट स्वतःच म्हणाला की वॉटर्सची टीका रास्त आहे, हा बँडचा अल्बम नव्हेच.

2019 मध्ये हे दुरुस्त करायला घेतलं. मेसननं ड्रम नव्यानं वाजवले. राइट 2008 मध्येच गेला होता, त्याची बोटं मैफलींच्या जुन्या रेकॉर्डिंगांतून काढून बसवली. फरक ऐकायचा तर यातलं 'सॉरो' हे गाणं घ्यावं. आधी नवं, मग जुनं, हेडफोन लावून, गिटारकडे दुर्लक्ष करून. गिटारचा तो अवाढव्य आवाज लॉस एंजेलिसच्या एका इनडोअर स्टेडियममध्ये स्पीकरमधून सोडून पकडलेला आहे, तो लक्ष खेचून घेणारच. नव्यात ठेका श्वास घेतो, मागे ऑर्गन भरून येतो. कोणीही म्हणेल, नवं चांगलं.

गुणगुणताना मात्र तोंडात येतं ते जुनंच, यंत्राच्या खडखडाटासकट.