चौथीच्या पोरांसाठी गावाचा नकाशा काढला, त्याची गोष्ट (माझा अनुभव)

आधीच सांगते, या गावात माझ्या नावावर एक गुंठासुद्धा नाही, कुणाशी बांधावरून भांडण नाही, आणि मोजणी पण आणायची नव्हती. मला फक्त गाव नकाशाची एक नक्कल पाहिजे होती, वर्गात लावायला. हे वाक्य मी तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसात इतक्या टेबलांवर म्हणून दाखवलंय की आता झोपेत पण म्हणेन.

जिल्हा परिषदेची शाळा आहे आमची, तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे. तिसरीचं परिसर अभ्यासचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं असतं, ते चांगलंच आहे, पण पोरं काय करतात, जिल्ह्याच्या उत्तरेला हा जिल्हा आणि दक्षिणेला तो, हे पाढ्यासारखं पाठ करतात आणि मग उत्तर कुठे दाखव म्हटलं की बोट थेट छताकडे. कारण नकाशा भिंतीवर लटकलेला आणि उत्तर वरती. आमच्या देशावरच्या नद्या सगळ्या पूर्वेला जातात, म्हणजे नकाशात डावीकडून उजवीकडे, तर एकाने मला विचारलं की बाई पाणी आडवं कसं जाईल, पाणी तर खाली जातं ना. प्रश्न बरोबरच आहे त्याचा. त्याच्या दृष्टीने कागदाची खालची बाजू म्हणजे उतार.

यावर साधा उपाय आहे, नकाशा भिंतीवरून काढायचा आणि जमिनीवर अंथरायचा, होकायंत्र ठेवून (मोबाईलमधलं पण चालतं, फक्त लोखंडी बाकापासून लांब धरा) नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेकडे फिरवायची आणि पोरांना भोवती बसवायचं. सह्याद्री खिडकीकडे आला, बंगालचा उपसागर फळ्याकडे. पोरं एकदम बघायला लागतात.

पण आमचा भिंतीवरचा राज्याचा नकाशा इतका जुना की त्यात पालघर नाहीच, ठाणे अजून गुजरातच्या हद्दीपर्यंत पसरलेलं. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला झाला, छत्तिसावा जिल्हा. शिवाय नावं बदलली, मग आम्ही चिठ्ठ्या चिकटवल्या, धाराशिव आणि अहिल्यानगर नीट बसले, छत्रपती संभाजीनगरची चिठ्ठी मात्र जालन्यात घुसली आणि जालन्याचं निम्मं नाव झाकलं गेलं. पोरींनी मग ती दोन ओळीत लिहून परत चिकटवली. हे पण नकाशाचंच शिक्षण म्हणायचं.

तर मला वाटत होतं की सुरुवात राज्यापासून नाही, पोरांच्या पायाखालून करावी. वर्ग, मग शाळेचं मैदान, मग गाव, मग तालुका. वर्ग आणि मैदान आम्ही पावलं मोजून चौकटीच्या वहीत काढलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही, मस्त झालं. पुढे गाव आलं आणि गाडी तिथेच रुतली.

महाभूनकाशा म्हणून जमिनीच्या नकाशांची सरकारी साईट आहे, तिच्यावर गाव दिसतं, नाही असं नाही. मोबाईलवर बघून झालं माझं. पण ते गट नंबर टाकून तेवढा तुकडा बघायला बनवलेलं आहे, चोवीस पोरांना एका स्क्रीनवर काय दाखवणार. मला मोठा कागद पाहिजे होता, ज्याच्यावर ओणवं होऊन बोट ठेवता येईल.

म्हणून मी त्या ऑफिसात गेले. नक्कलचा अर्ज घेतला, कोर्ट फी स्टॅम्प लावला, गावाचं नाव, तालुका, जिल्हा लिहिलं. पुढचा रकाना होता, अर्जदाराचा जमिनीशी संबंध. मी लिहिलं, शिक्षिका. टेबलावरच्या माणसाने वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं.

"मॅडम, संबंध म्हणजे खातेदार का वारस?"

म्हटलं दोन्ही नाही, शाळेसाठी पाहिजे. मग गट नंबर कुठला? म्हटलं सगळ्या गावाचा पाहिजे. वाद कशाबद्दल आहे? वाद नाही हो. मग नकाशा कशाला? आता याला काय उत्तर द्यायचं, मी म्हटलं पोरांना गाव कुठंय ते दाखवायला. तो हसला नाही, वाईट पण बोलला नाही, अर्ज परत माझ्याकडे सरकवला आणि मुख्याध्यापकांचं पत्र आणा म्हणाला.

पत्र नेलं, शिक्का वगैरे मारून. तर त्या दिवशी तो माणूस मोजणीला गेलेला आणि जागेवर बसलेला दुसरा म्हणाला मुख्याध्यापकांचं नाही चालत, गटशिक्षणाधिकाऱ्यांचं लागेल. पंचायत समितीतून ते पत्र निघायला जो वेळ लागला तो वेगळाच, त्यावर लिहीत नाही, नाहीतर माझंच बीपी वाढेल. ते पत्र घेऊन गेले तर पहिला माणूस हजर आणि त्याचं म्हणणं की पत्र ठीक आहे पण अर्जातला रकाना तसाच आहे, संबंधाचा. पत्राने संबंध होत नाही.

मग विषय अजून पुढे सरकला. तुम्हाला सर्व्हे नंबरचा पाहिजे का गटाचा? हा प्रश्न मात्र बरोबर होता आणि तुम्ही जाणार असाल तर आधी ठरवून जा. शेतांच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे एकाच गावाचे दोन नकाशे निघू शकतात. मी दोन्ही म्हटलं, हावरटपणा म्हणा. तर जुना जीर्ण आहे, त्याची नक्कल निघणार नाही, आणि गटाचा साहेबांना विचारून. साहेब कुठे आहेत? मोजणीला.

त्या बाकड्यावर बसून मी काय काय बघितलं. एक म्हातारे गृहस्थ पिशवीत सातबाऱ्यांची गुंडाळी घेऊन बसलेले, त्यांना एका बांधाचा नकाशा पाहिजे होता आणि तो त्यांना पटकन मिळाला, कारण संबंध होता. म्हणजे भांडायला नकाशा मिळतो, शिकवायला मिळत नाही. हे मी तिथे मोठ्याने बोलले, आणि त्याचा परिणाम एवढाच झाला की शिपायाने पंखा लावला.

एका मुलीचे वडील म्हणाले बाई कशाला हेलपाटे घालताय, माझ्या सातबाऱ्यावर अर्ज टाकतो, खातेदार आहे मी, लगेच मिळेल. खरंच मिळाला असता. तुम्हाला घाई असेल तर हाच रस्ता धरा, त्यात काही गैर नाही. पण मला तोपर्यंत इरेला पेटायला झालं होतं. शाळेच्या नावावर पाहिजे म्हणजे पाहिजे.

सुटका झाली ती आमच्या एका पोराच्या आजोबांमुळे. ते तलाठी म्हणून रिटायर झालेले. पोराने घरी सांगितलं असणार की बाईंना नकाशा देत नाहीत. आजोबा शाळेत आले, ओट्यावर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, संबंध लिहूच नका. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम ३२७. नकाशे आणि जमिनीचे अभिलेख लोकांना बघायला खुले आहेत, आणि फी भरून जो अर्ज करेल त्याला त्याची प्रमाणित नक्कल द्यायची आहे. त्यात खातेदार असा शब्दच नाही. हे लिहा त्या रकान्यात.

तसंच लिहिलं. "संबंध नाही. म.ज.म.अ. १९६६ कलम ३२७ अन्वये नक्कल मिळावी, शालेय उपयोगासाठी." आणि अर्जाची दुसरी प्रत नेली, तिच्यावर पोच घेतली, तारीख आणि सही-शिक्क्यासकट. ही पोच आधीपासून घ्यायला पाहिजे असते, तुम्ही पहिल्याच अर्जाला घ्या. पोच मागितली की कागद टेबलाच्या कडेला राहत नाही, आत जातो. तर तोच माणूस, तेच टेबल, वाचलं आणि म्हणाला, "मग आधीच सांगायचं ना मॅडम." मी काही बोलले नाही. मला स्वतःचं कौतुक वाटतं त्या गप्प बसण्याचं.

पुढे चलन भरलं, अभिलेखापालांनी गठ्ठ्यातून नकाशा काढला आणि गंमत म्हणजे जीर्ण म्हणून सांगितलेला सर्व्हे नंबरचा जुना नकाशा पण निघाला, कडा तेवढ्या गेलेल्या. दोन्हीच्या नकला मिळाल्या. त्या घडी घालून आणू नका, गुंडाळी करून आणा, घडीवरची रेघ नंतर झेरॉक्समध्ये बांधासारखी दिसते. आणि मोठी प्रत काढायची तर साध्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊ नका, आर्किटेक्ट लोकांचे प्लॅन जिथे निघतात त्या प्लॉटरवाल्याकडे जा. प्रत मोठी केली की नकाशावर लिहिलेलं प्रमाण खोटं होतं हे लक्षात ठेवा, एक तर मूळ मापातच काढा, नाहीतर खाली नवीन पट्टी आखा.

जुन्या नकाशावर प्रमाण होतं एक इंचाला २० साखळ्या. साखळी म्हणजे ३३ फूट. आणि ३३ बाय ३३ म्हणजे गुंठा, तो पोरांना घरातून माहीत असतो, पण केवढा असतो ते कुणी बघितलेलं नव्हतं. आम्ही ३३ फुटाची सुतळी कापली, मैदानावर फक्कीने चौकोन आखला, आणि सगळा वर्ग त्या एका गुंठ्यात उभा केला. एवढाच? असं एक पोरगं म्हणालं, त्याच्या घरी गुंठ्यावरून काही चालू असावं. मग पट्टीने शाळेपासून ओढ्यापर्यंत नकाशावर मोजलं, इंचाला ६६० फूट धरून गुणलं आणि दुसऱ्या दिवशी सुतळी घेऊन खरंच मोजत गेलो. थोडा फरक आला, पण रस्ता वळतो ना, नकाशावर आम्ही सरळ मोजलेलं.

पण खरी मजा वेगळीच झाली. नकाशा अंथरल्या अंथरल्या सगळी पोरं आपापलं घर शोधायला लागली आणि घर कुणालाच सापडेना. विहिरी आहेत, ओढा आहे, गाडीरस्ता आहे, शिवेला शेजारच्या गावांची नावं आहेत, आणि मधोमध एक वेडावाकडा मोकळा आकार, आत फक्त गावठाण लिहिलेलं. गाव नकाशा शेतजमिनीचा असतो, गावठाणाच्या आत काय आहे ते त्यात नसतं. (गावठाणांची ड्रोनने मोजणी स्वामित्व योजनेत चालू झाली, २०२० पासून, ते नकाशे वेगळे.) पोरं हिरमुसली. मी म्हटलं मग भरा की तुम्ही. तो आकार ड्रॉइंग शीटवर मोठा करून घेतला, गल्लीवार गट केले, पावलं मोजत फिरले सगळे. खुणांची सूची पोरांनीच ठरवली. देऊळ, पाण्याची टाकी, दूध डेअरी ठीक, पण एका गटाने चावणाऱ्या कुत्र्याची पण खूण केली, लाल त्रिकोण. ठेवली मी ती, उपयोगाची आहे.

हो, एक राहिलं, गावाच्या पुढे तालुक्याकडे जायचं तर सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे स्थलदर्शक नकाशे त्यांच्या पोर्टलवर पीडीएफमध्ये मिळतात, दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर. त्यात आपल्या डोंगराच्या समोच्च रेषा दिसतात. चौथीला त्या जड जातात, मी फक्त निळं म्हणजे पाणी आणि तपकिरी रेषा दाटल्या की चढ, एवढंच घेतलं.

शेजारच्या वस्तीशाळेतली बाई आता त्याच ऑफिसात चाललीय. तिला त्या रकान्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, कलमासकट, आणि सांगितलं की जाण्याआधी फोन करून मोजणीचा दिवस कुठला ते विचार, त्या दिवशी जाऊ नकोस.