स्क्रूची संथ लय: चौथ्या महिन्याची नोंद

मंडळी, रेकॉर्डची दुसरी प्रत अखेर मिळाली! त्यामुळे या महिन्यात पहिल्यांदाच, रॅप गाणी संथ करून वाजवणाऱ्या डीजे स्क्रूच्या पद्धतीने वाजवून बघता आलं: दोन टर्नटेबलवर (तबकड्या वाजवायच्या यंत्रांवर) एकच गाणं, एक प्रत दुसरीच्या एक मात्रा मागे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं मागचं. स्क्रू म्हणजे रॉबर्ट अर्ल डेव्हिस, जन्म १९७१, वाढला टेक्ससमधल्या स्मिथव्हिल गावात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ह्यूस्टनच्या दक्षिण भागात, राहत्या घरी तो अशा संथ केलेल्या गाण्यांच्या टेप बनवायला लागला. रॅप-अ-लॉट ही रेकॉर्ड कंपनी आणि गेटो बॉइज हा रॅप गट यांच्यामुळे ह्यूस्टनचं नाव बाहेर पोचलं होतंच, पण स्क्रूच्या करड्या कॅसेट विकल्या जायच्या त्याच्या दारातून. गाड्यांची रांग लागायची. दुकान झालं ते १९९८मध्ये.

आता कामाचं. मी इतके दिवस फक्त टर्नटेबलचा पिच, म्हणजे वेग कमीजास्त करायची पट्टी, खाली ओढत होतो. माझ्या यंत्रावर तो उणे ८ टक्क्यांवर संपतो, म्हणजे ९० बीपीएमचं (मिनिटाला ९० ठोक्यांचं) गाणं ८३च्या आसपास येतं. ऐकायला बरं, पण ती जडशीळ चाल नाही. उरलेलं काम टेपवर होतं. मिक्स चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर उतरवून त्याचाही वेग आणखी १० टक्के कमी केला, तेव्हा लय साधारण ७५वर आली आणि आवाज तीन अर्धसुरांहून किंचित जास्त उतरला. पेटीवर सांगायचं तर काळी पाचचं गाणं पांढरी पाचच्याही जरा खाली. आपल्या विलंबितात गायकाची पट्टी तीच राहते. इथे लयीबरोबर गळाही खोल जातो. मला वेड लावलं ते याच गोष्टीने.

पण खरी कसोटी चॉपची, म्हणजे निवडलेला शब्द दोनदा ऐकवण्याची. पुढच्या प्रतीवर शब्द वाजला की क्रॉसफेडर (एका टर्नटेबलचा आवाज बंद करून दुसऱ्याचा सुरू करणारी सरकपट्टी) मागच्या प्रतीकडे ढकलायचा, तोच शब्द पुन्हा येतो, आणि ठेका न तुटता परत यायचं. तीन आठवडे मी प्रत्येक ओळीवर चॉप करत होतो आणि सगळा गोंधळ होत होता. मग स्क्रूची टेप कागद-पेन्सिल घेऊन ऐकली. तो कितीतरी वेळ काहीच करत नाही! ओळीतला वजनदार शब्द येईपर्यंत हात आवरून बसतो. शब्द नीट ऐकू यावेत म्हणून संथ करतो, असं तो सांगायचा. चॉप त्याच हेतूने बसवलेला आहे. तेव्हापासून मी आधी गाण्याचे शब्द लिहून काढतो, चार जागा ठरवतो, मगच सुई ठेवतो.

१९९६ची, एका मित्राच्या वाढदिवसाची स्क्रूची टेप अवश्य ऐका, २७ जूनची. एकाच ठेक्यावर ३५ मिनिटांहून जास्त वेळ बिग मो, बिग पोकी हे रॅपर आणि बाकीची मित्रमंडळी आळीपाळीने जागच्या जागी रचून म्हणताहेत. प्रसिद्ध गाणी संथ करण्यापेक्षा हे मला कितीतरी मोठं वाटतं, कारण इथे वस्तीतली पोरं स्वतःच्या गल्ल्यांची, मित्रांची नावं घेताहेत.

स्क्रू १६ नोव्हेंबर २००० रोजी गेला, २९व्या वर्षी. गुंगी आणणाऱ्या कोडीनच्या खोकल्याच्या सिरपचा त्याच्या मृत्यूशी संबंध होता, आणि त्या सिरपलाच या संगीताचं मूळ मानणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. इतका नेमका हात सरावाशिवाय येत नाही.

सध्या रेकॉर्डरचा पट्टा घसरतोय, त्यामुळे लय मध्येच लहरते. पट्टा बदलला की त्याच चार जागा पुन्हा वाजवून बघणार आहे, या वेळी ४५ मिनिटांची अख्खी बाजू न थांबता.