डाउनस्विंग, चपलांचा खोका आणि "डोकं खाली ठेवा सर"

गोल्फ शिकायला लागलो तेव्हा ग्रिप (क्लब म्हणजे काठी धरणं), स्टान्स (उभं राहणं), बॅकस्विंग (क्लब मागे वर नेणं) पटापट जमलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. गाडी अडली ती डाउनस्विंगला, म्हणजे क्लब वरून खाली येताना. सात नंबरचं आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) घ्या नाहीतर ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा), बॉल डावीकडे निघायचा आणि वळत वळत उजवीकडच्या झाडीत, आणि रेंजवरचे (सरावाच्या मैदानावरचे) कोच प्लास्टिकच्या खुर्चीतून न उठता एकच सांगून राहिले, "डोकं खाली ठेवा सर." अहो, खालीच आहे डोकं! फी भरा, पहाटे उठून या, कारण मे महिन्यात नागपुरात आठनंतर उभं राहवत नाही, आणि ऐका हेच. फारच झालं तर "आतून मारा". आतून म्हणजे कुठून, ते कोणी सांगत नाही ना बाप्पा.

शेवटी मोबाईल ट्रायपॉडवर लावला, मागच्या बाजूला, म्हणजे टार्गेटच्या उलट्या टोकाला, हातांच्या उंचीवर, स्लो मोशनमध्ये. (जमिनीवर टेकवून ठेवू नका, अँगल फसवतो.) स्वच्छ दिसलं, क्लब वर पोचला रे पोचला की उजवा खांदा आधी बॉलकडे फिरतो, क्लब बाहेर फेकला जातो आणि बॉलला डावीकडे कापत येतो. फेस (क्लबचा बॉलला लागणारा भाग) त्या रस्त्याच्या मानाने उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, म्हणून स्लाइस, म्हणजे बॉल वळत उजवीकडे. डोक्याचा संबंधच नाही! (डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचा.)

डाउनस्विंग जेमतेम पाव सेकंदाचा, त्यात विचार करून काय दुरुस्त करणार? चांगल्या खेळाडूंचा जोर बॅकस्विंग संपायच्या आधीच डाव्या पायाकडे जायला लागतो, मग कंबर, मग छाती, हात, क्लब सगळ्यात शेवटी. सुरुवात कंबरेने करा हे अमेरिकन गोल्फर बेन होगनने 1957 मध्येच लिहून ठेवलंय, आमच्याकडे अजून डोकंच चालू आहे.

मला जमलं ते असं, दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं, क्लब वर जात असतानाच डावा पाय टार्गेटकडे टाकायचा आणि मग मारायचं. सुरुवातीला तोल जातो, बाजूचे हसतात, हसू द्या. सोबत बॉलच्या पलीकडे, जरासा मागे, चपलांचा रिकामा खोका ठेवायचा. खांदा आधी आला की खोका उडतो, कोणाला विचारायची गरज नाही. ज्या दिवशी खोका जागेवर राहिला आणि बॉल सरळ गेला त्या दिवशी मी मुद्दाम खुर्चीकडे पाहिलं, तर साहेब फोनवर.

ड्रायव्हर अजून कधीकधी झाडीत जातो. आणि हो, उन्हाळ्यात ग्लोव्ह दोन आणा, घामाने पकड सुटायला लागली की आपण मूठ आवळतो, आणि मूठ आवळली की परत हात आधी, कंबर मागे.