क्योतोच्या बागा: होडीतून, ओसरीवरून, पायवाटेने

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलंय. त्यामुळे जपानी बाग म्हटलं की आपल्याला तळं, लाकडी पूल आणि हिरवळ आठवते. पण कोराकुएन १७०० साली पुरी झाली, म्हणजे तशी अलीकडचीच. तिच्या आधीचं बघायचं तर क्योतोच गाठायला हवं. मी तिथे बागा शक्यतो वयाप्रमाणे बघत गेलो.

पहिलं दाइकाकुजी मंदिराला लागून असलेलं ओसावा तळं. नवव्या शतकात इथे सागा सम्राटाचा वाडा होता. दरबारी मंडळी होडीत बसून बाग बघायची. काठाकाठाने चालताना सारखं वाटतं, की आपण नाटक विंगेतून बघतोय.

चौदाव्या शतकातल्या तेनर्‍यूजीत तळं आहे, पण बघायचं ते देवळाच्या ओसरीवरून. मुसो सोसेकी या झेन भिक्षूची ही रचना. पलीकडे दगडांचा कोरडा धबधबा, आणि मागचा अराशियामा डोंगर फुकटात बागेत ओढून घेतलेला!

र्‍योआनजीत पाणीही गेलं. १४६७ ते १४७७ च्या ओनिन युद्धात क्योतोची राखरांगोळी झाली, त्यात हे देऊळही जळालं. पुन्हा उभारलेल्या देवळासमोर साधारण २५ मीटर लांब, १० मीटर रुंद अंगण, पांढरी खडी आणि १५ दगड. बाग कोणी केली आणि नेमकी कधी, यावर अभ्यासक अजून भांडतात. बूट काढून फळ्यांवर बसलो. आजूबाजूचे सगळे बोटं दाखवत दगड मोजत होते, कारण ओसरीवर कुठेही बसा, एखादा तरी दगड दुसऱ्याआड लपतोच. मला स्वतःला दगडांपेक्षा मागची मातीची भिंत आवडली. मातीतलं तेल झिरपून तिच्यावर तपकिरी डाग उमटलेत.

सतराव्या शतकातल्या कात्सुरा राजवाड्याने लोकांना उठवून पुन्हा चालायला लावलं. तेही स्वतःच्या मर्जीने नाही हं! वाटेतले दगड ओबडधोबड, मान खाली घालूनच पाऊल टाकावं लागतं. मोठा सपाट दगड आला की थांबायचं, मान वर करायची. समोर तळ्याचा नवा कोपरा असतो. आणि एखाद्या फाट्यावर काळ्या सुंभाने बांधलेला नारळाएवढा धोंडा दिसला, की तिकडे जायचं नाही. पाटी नाही, साखळी नाही. जपानी चहासमारंभाच्या घराभोवती ज्या बागा असतात, त्यांच्यातली ही रीत.

शेवटी तोफुकुजी. १९३९ साली बागरचनाकार मिरेई शिगेमोरी यांना बागेचं काम देताना देवळाने अट घातली: जुनं सामान वाया घालवायचं नाही. त्यांनी जुन्या फरशा शेवाळात बुद्धिबळाच्या पटासारख्या बसवल्या. पूर्वेच्या बाजूला सात गोल खांब रोवून सप्तर्षी मांडले. हे खांब म्हणजे देवळाच्या जुन्या शौचालयाच्या जोत्याचे दगड!