जोतिबाचा डोंगर दिसतोय तोवरच: पन्हाळ्यावरून पाहिलेला वळीव

मे महिन्याचा दुसरा आठवडा. सकाळी आठलाच शर्ट पाठीला चिकटला, तेव्हा मावसभावाला फोन लावला, "आज धरतंय बघ." तो म्हणाला, "भावा, चार दिवस झालं, नुसतं धरतंय आणि सोडतंय." तरी दुपारी एकला गाडी घेऊन दारात हजर!

वळवाच्या मागं जायचं तर दिवस निवडता आला पाहिजे. हवामान खात्याच्या पत्रकात विदर्भापासून कर्नाटकापर्यंत वाऱ्याची द्रोणीय स्थिती, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, होती, जिल्ह्याला यलो अलर्ट होता. पण असा अलर्ट मे महिन्यात बऱ्याचदा असतो. मला खरा भरवसा दिला तो घामानं. अरबी समुद्रावरचा दमट वारा घाट चढून आत आला होता, जमीन तापलेली होती, आणि अकरालाच पूर्वेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग उभे राहिले. कडा चाकूनं कापल्यासारख्या धारदार. ढगाची कड विरलेली दिसली तर घरीच बसा, पण धारदार असेल आणि डोळ्यांदेखत वर चढत असेल तर निघा.

आम्ही गोव्याच्या डॉप्लर रडारचं, म्हणजे ढगातला पाऊस लांबून टिपणाऱ्या यंत्राचं, चित्र बघत असतो. पण पणजीहून कोल्हापूर सरळ रेषेत सुमारे 140 किलोमीटर. झोत किंचित वर रोखलेला असतो, त्यात पृथ्वीची गोलाई, त्यामुळं इथं पोचेपर्यंत रडारचा झोत जमिनीपासून दोन-अडीच किलोमीटर उंच गेलेला असतो. ढगाचा माथा त्यात दिसतो, पायथ्याशी काय चाललंय ते दिसत नाही. ते डोळ्यांनीच बघावं लागतं, म्हणून पन्हाळा.

शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ आणि वर. साधारण 20 किलोमीटर. झुणका-भाकर खाऊन तीनला सज्जा कोठीवर पोचलो. गडाच्या पूर्व कड्यावरची ही जागा वळीव बघायला जिल्ह्यात मला सगळ्यात आवडते. समोर सात-आठ किलोमीटरवर जोतिबाचा डोंगर, उजवीकडं लांब कोल्हापूर. ढग पूर्वेकडून आला की दुपारचं ऊन आपल्या पाठीमागून थेट त्याच्या अंगावर पडतं.

साडेतीनला हातकणंगल्याच्या बाजूचा एक ढग बाकीच्यांना मागं टाकून वर गेला. माथा पसरून ऐरणीसारखा झाला, खालचं पोट काळंनिळं पडलं. दोघंही गप्प झालो. दुरून वळीव इतका शांत दिसतो की आत कोट्यवधी लिटर पाणी वर-खाली होतंय हे खरं वाटत नाही.

मला दरवेळी विचारतात, अमेरिकेसारखी टॉर्नेडोची सोंड इथं दिसते का? तिकडच्या मोठ्या टॉर्नेडोंना नुसता उंच ढग पुरत नाही. जमिनीजवळचा वारा एका दिशेचा, वरचा दुसऱ्या दिशेचा आणि कितीतरी जोराचा असावा लागतो, तेव्हा अख्खा ढगच फिरायला लागतो. आपल्याकडं मे महिन्यात वरचे वारे बहुतेक वेळा सौम्य असतात. ढग सरळ वर जातो, स्वतःच्याच पावसानं गार होतो आणि तासाभरात कोसळतो. शेतात गरगरते ती वावटळ वेगळी, ती तापलेल्या मातीतून वर उठते. इथं घात करतो तो कोसळत्या ढगातून खाली आपटून चारी दिशांना पसरणारा गार वारा. तो पावसाच्या पुढं धावतो.

आमची चूक इथंच झाली. वीज दिसल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजून तीननं भागायचे, तेवढे किलोमीटर. पहिला आकडा 42 आला, म्हणजे 14 किलोमीटर. तेव्हाच उठायला पाहिजे होतं. गडगडाट कानावर आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आहोतच, कारण ती पावसाच्या पुढं दहा किलोमीटरवरही पडते. पण एक फोटो, आणखी एक फोटो. पुढचा आकडा 24. जोतिबाचा डोंगर अजून दिसत होता, म्हणजे पाऊस लांब आहे, यावर आम्ही विसंबलो. तेवढ्यात खालच्या शेतातली उसाची पानं एकदम उलटी झाली आणि पांढरट पट्टा आमच्याकडं सरकत आला. गाडीपर्यंत पळालो तोवर धुळीनं डोळे भरले होते, मागं कुठंतरी फांदी कडाडून मोडली.

तुम्ही जाल तेव्हा 30 सेकंदांच्या वरच आकडा असताना गाडीत बसा, काचा बंद करा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास खाली उतरू नका. सज्जा कोठीच्या उघड्या कमानींत थांबणं म्हणजे आसरा नव्हे, बुरुजावर किंवा झाडाखाली तर नकोच. दुचाकीवरून येणार असाल तर ढग लांब असतानाच गावातल्या पक्क्या इमारतीत शिरा. गाडी झाडाखाली किंवा होर्डिंगजवळ लावू नका. आणि ढगाच्या खालून गाडी काढायची घाई करू नका. पाऊण तास थांबलात तर तोच तुम्हाला ओलांडून जातो.

दहा मिनिटं गारा पडल्या. काचेवरून घरंगळलेली एक नंतर उचलली, बोराएवढी. मध्ये दुधी ठिपका, त्याभोवती काचेसारखा थर, वर पुन्हा दुधी. पाणी झटकन गोठलं की हवा आत अडकून दुधी थर, सावकाश गोठलं की पारदर्शक. ढगातला तिचा सगळा प्रवास तळहातावर होता, मिनिटभरात वितळला.

सहाला उतरलो. घाटात एक झाड आडवं होतं, लोकांनी बाजूला ओढून एका गाडीपुरती वाट केली होती. केर्लीजवळ एका गोठ्याचा पत्रा उसात जाऊन पडला होता. आम्ही थांबून हात दिला. जनावरं बरी होती. मालक म्हातारे होते. म्हणाले, "गार वारं सुटलं तवाच म्हशी सोडल्या म्हणून वाचल्या, पोरांनो."

"मामा, फोनमध्ये दामिनी ॲप आहे का?"

"त्ये काय असतंय?"

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलंय, जवळपास वीज पडली की दाखवतं, असं सांगून त्यांच्या फोनात घालून दिलं. लोकेशन चालू ठेवा, बंद केलंत तर काही कळणार नाही, हे दोनदा सांगितलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. नकाशावर ठिपके बांबवड्याच्या अंगाला सरकले होते. मामांनी पश्चिमेला बघितलं. तिकडं वीज चमकली आणि ते ओठांतल्या ओठांत सेकंद मोजायला लागले.