विशेष मुलांची बालवाडी निवडताना: नागपुरातला माझा अनुभव

तीन ते सहा वर्षांच्या विशेष मुलांसाठी शाळा बघायला गेलं की आधी थेरपी रूम दाखवतात. झोपाळा, बॉल पूल, ट्रॅम्पोलिन. मी मात्र भेटीची वेळ डब्याच्या सुट्टीतलीच मागायचे, कारण शाळेचा खरा कस तिथे लागतो.

ताई मुलाची मान मागे कलंडवून भरवत असतील तर ते धोक्याचं आहे. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. मूल ताठ बसलेलं, हनुवटी किंचित खाली आणि भरवणारी समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, असं हवं. पावलं टेकलेली हवीत. सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असलेल्या) मुलाचे पाय लोंबकळत असले की त्याची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते, चमचा धरायला उरतच नाही. पायाखाली लाकडी पाट सरकवला तरी भागतं. असा पाट जिथे दिसला तिथे मी पुढचं बोलायला बसायचे.

बोलत नाही म्हणून शाळा शोधत असाल तर त्याआधी कान तपासून घ्या. थेट स्पीच थेरपी सुरू होते आणि मुलाला ऐकूच कमी येतं हे फार उशिरा कळतं. बेरा चाचणीला (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते बघणाऱ्या) मूल झोपलेलं लागतं, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवून सकाळी लवकर उठवायला सांगतात. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मिहानच्या एम्समध्ये कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज सोबतच ऑनलाइन भरा. लहान वयात दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र बरेचदा तात्पुरतं मिळतं, त्याची मुदत वहीत लिहून ठेवा. पण कार्डासाठी थेरपी थांबवू नका. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा 1 लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमाही काढता येतो.

शाळेत मग कागद मागा. विशेष शिक्षकाची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आणि तिची मुदत. एका शिक्षकामागे किती मुलं? बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझमसाठी 5 मुलांमागे 1 शिक्षक हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालातही आहे. मदतनीस ताईंना त्यात मोजू देऊ नका. नाव झाकून एखादा आयईपी (एकेका मुलासाठी लिहिलेली शिक्षणाची योजना) दाखवा म्हणावं. त्यात ‘संवाद सुधारणे’ असं लिहिलं असेल तर तीन महिन्यांनी काय तपासणार? ‘पाणी हवं असल्यास चित्रकार्ड स्वतः उचलून देतो, 5 पैकी 4 वेळा’ हे उद्दिष्ट झालं. आणि चित्रकार्डं दिली तर मूल बोलायचं थांबेल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मागता आलं की आधी रडणं कमी होतं, बोलायची वाट त्याने अडत नाही.

फिट्स येणाऱ्या मुलासाठी लेखी सूचना वर्गातच लावलेली हवी. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. 5 मिनिटांपुढे गेली तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेत मिडाझोलामचा नाकातला स्प्रे द्यायचा आणि दवाखाना गाठायचा. स्प्रे कुठल्या कपाटात आहे, किल्ली कोणाकडे आहे, हे मी प्रत्येक ठिकाणी विचारलं. उत्तराला लागलेला वेळच बरंच सांगून जातो.

नागपुरात आणखी एक गोष्ट बघायलाच हवी: कूलर. आवाज न सोसणारं ऑटिझमचं मूल डेझर्ट कूलरच्या घरघरीत कान दाबून बसतं आणि शिक्षक लिहितात, ‘सूचना पाळत नाही’. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर आहे का, त्या मुलाला दूर बसवतात का, हे एप्रिलमध्येच कळतं. हिवाळ्यात पसंत पडलेली शाळा उन्हाळ्यात पुन्हा एकदा बघून या.

विदर्भातली उन्हाळ्याची सुट्टी जूनअखेरपर्यंत लांबते आणि तेवढ्यात शौचाला सांगणं, स्वतः जेवणं मागे पडतं. चांगली शाळा सुट्टीआधी आईला वर्गात बसवून दोन-तीनच गोष्टी करून घेते आणि घरी कधी, किती वेळा करायच्या ते लिहून देते. वीस पानांची फाइल दिली तर ती बाजूला ठेवा आणि त्यातल्या कुठल्या दोन करायच्या, ते विचारून घ्या.