माझा गो-प्रोग्राम सर्व्हरला जोडताना

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायन कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात मी ३१ वर्षे नोकरी केली. वेगवेगळ्या बनावटीची उपकरणे एकाच तारेवरून नियंत्रण कक्षाशी बोलती ठेवणे हे माझे रोजचे काम होते. त्यामुळे निवृत्तीनंतर ऐरोलीच्या घरी बसून लिहिलेला गो या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या पटावरच्या खेळाचा प्रोग्राम, जिथे लोक इंटरनेटवर हा खेळ खेळतात त्या सर्व्हरला जोडायचे ठरवले, तेव्हा हे दोन दिवसांचे काम आहे असे मी घरात सांगून टाकले. प्रत्यक्षात आषाढीला हातात घेतलेले काम दसऱ्याला कसेबसे मार्गी लागले.

गो मला शिकवला तो कारखान्यात यंत्रे बसवण्यासाठी आलेल्या एका जपानी अभियंत्याने. २०१६ च्या मार्चमध्ये अल्फागो या संगणक प्रोग्रामने कोरियाचा अव्वल खेळाडू ली सेडॉल याला पाच डावांत ४-१ असे हरवले, तेव्हापासून आपणही काही लिहून पाहावे असे मनात होते. माझा प्रोग्राम अर्थातच त्या जातीचा नाही. ९ × ९ च्या लहान पटावर प्रत्येक संभाव्य खेळीनंतर काही हजार डाव स्वैरपणे शेवटपर्यंत खेळून पाहायचे आणि ज्या खेळीतून जास्त डाव जिंकले जातात ती निवडायची, ही मोंटे कार्लो पद्धत त्यात सी भाषेत उतरवली आहे. त्याचे नाव मी ‘सोंगटी’ ठेवले. माझ्याशी खेळून ती कंटाळली नसेल, पण मी कंटाळलो होतो.

असा प्रोग्राम सर्व्हरशी स्वतः बोलत नाही, मध्ये एक दुभाषा लागतो. ऑनलाइन-गो सर्व्हरसाठी जीटीपी-टू-ओजीएस, तर जुन्या केजीएस सर्व्हरसाठी केजीएस-जीटीपी नावाचा जावा प्रोग्राम हे काम करतो. दुभाषाची आणि प्रोग्रामची आपसातली बोली म्हणजे गो टेक्स्ट प्रोटोकॉल, अर्थात जीटीपी, जी ग्नू गो या मुक्त प्रोग्रामच्या घरात वाढली. दुभाषा एकेका ओळीत ‘पट ९ चा घे’, ‘काळ्याने ई-५ खेळले’, ‘आता पांढऱ्याची खेळी सांग’ अशा अर्थाच्या आज्ञा देतो. प्रोग्रामने काम झाले तर बरोबरच्या (=) चिन्हाने आणि नाही झाले तर प्रश्नचिन्हाने सुरू होणारे उत्तर द्यायचे आणि त्याच्या शेवटी एक कोरी ओळ सोडायची. कारखान्यातली उपकरणे ज्या मॉडबस बोलीत बोलतात तिच्या आरटीयू प्रकारात संदेश संपल्याची खूण म्हणजे साडेतीन अक्षरांच्या वेळेइतकी शांतता असते. ती शांतता मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला कोरी ओळ म्हणजे चैनच वाटली.

टर्मिनलवर हाताने आज्ञा टाइप केल्या तेव्हा सोंगटीने सगळी उत्तरे बिनचूक दिली, मात्र दुभाषाला जोडताच ती मुकी झाली. यात माझे चार दिवस गेले. प्रोग्रामचे उत्तर पडद्यावर जात असेल, तर सी भाषेची प्रणाली ते ओळ संपताच पुढे सोडते. तेच उत्तर दुसऱ्या प्रोग्रामकडे पाइपमधून जात असेल, तर मात्र ते बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, साठवून ठेवते आणि बफर भरल्यावरच सोडते. सोंगटीचे उत्तर जेमतेम पाच-सहा अक्षरांचे असल्यामुळे बफर काही भरत नव्हता. ती बोलत होती, पण तिचे बोलणे उंबऱ्याच्या आत राहत होते आणि दुभाषा बाहेर ताटकळत होता. प्रत्येक उत्तरानंतर बफर मोकळा करण्याची एक ओळ घातल्यावर हा प्रश्न मिटला.

पुढची चूक तर कबूल करायलाही संकोच वाटावा अशी होती. गोच्या पटावर स्तंभांना इंग्रजी अक्षरे देताना ‘आय’ गाळण्याची जुनी रीत आहे, म्हणजे ‘एच’नंतर थेट ‘जे’ येतो. हे पुस्तकात वाचलेले असूनही मी नवव्या स्तंभाला ‘आय’ म्हटले होते आणि प्रतिस्पर्ध्याने उजव्या कडेला खेळी करताच सोंगटी प्रश्नचिन्ह दाखवून मोकळी होत होती.

सर्व्हरवरचे नोंदणीचे काम त्या मानाने सुरळीत झाले. ऑनलाइन-गोवर बॉटसाठी, म्हणजे आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रामसाठी, वेगळे खाते काढावे लागते, नियंत्रकांना विनंती करून त्या खात्यावर बॉट अशी नोंद करून घ्यावी लागते आणि मग मालकाला जी गुप्त किल्ली मिळते ती दुभाषाच्या हवाली करावी लागते. चाचणीसाठी त्यांचा वेगळा बीटा सर्व्हर आहे, आणि नवख्याने आधी तिथेच जावे हे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिथे आपली शोभा फारशी कोणी पाहत नाही.

वेळेच्या हिशेबाने मला बराच त्रास दिला. जीटीपीच्या मूळ आज्ञेत वेळ सांगताना मुख्य वेळ, जादा वेळ आणि त्या जादा वेळेत खेळायच्या सोंगट्यांची संख्या असे तीन आकडे येतात, जे कॅनडियन पद्धतीला नेमके बसतात. खेळाडूंच्या आवडीच्या जपानी पद्धतीत प्रत्येकी तीस सेकंदांच्या काही फेऱ्या मिळतात आणि वेळेत खेळल्यास फेरी खर्च होत नाही. हे त्या तीन आकड्यांत नीट मावत नाही, म्हणून केजीएसने स्वतःची वाढीव आज्ञा काढली आणि पुढे इतरांनीही ती उचलली. ती आज्ञा मी शिकवली, पण उरलेल्या वेळेला उरलेल्या सोंगट्यांनी भागताना मुख्य वेळ चालू असेपर्यंत सोंगट्यांचा आकडा शून्य येतो हे विसरलो. शून्याने भागल्यावर प्रोग्रामचे जे व्हायचे तेच झाले. शिवाय खेळी सर्व्हरपर्यंत पोहोचायलाही वेळ लागतो, म्हणून प्रत्येक खेळीमागे दोन सेकंद राखून ठेवण्याची सवय तिला लावली.

यानंतर सोंगटी खऱ्या सर्व्हरवर व्यवस्थित खेळू लागली आणि मी निर्धास्त झालो. श्रावणातल्या एका संध्याकाळी मुसळधार पावसात आमच्या सोसायटीची वीज गेली. संगणक इन्व्हर्टरवर चालू राहिला, पण जिन्याखाली बसवलेल्या इंटरनेटच्या पेटीला तशी सोय नसल्यामुळे जोडणी तुटली. वीस मिनिटांनी वीज आली, दुभाषा पुन्हा सर्व्हरला जोडला गेला आणि अशा वेळी जे करायचे तेच त्याने केले: पट साफ करायला सांगितले आणि चालू डावातल्या सगळ्या खेळ्या पहिल्यापासून सोंगटीला ऐकवायला घेतल्या. तिने पहिलीच खेळी बेकायदा ठरवली. रिकाम्या पटाच्या मध्यावर ठेवलेली पहिली सोंगटी बेकायदा असू शकत नाही, एवढे तर मलाही कळत होते.

कारण सापडायला दोन रात्री लागल्या. पूर्वी येऊन गेलेली पटाची स्थिती पुन्हा निर्माण करायची नाही, असा ‘सुपरको’ नावाचा नियम मी प्रोग्राममध्ये घातला होता आणि त्यासाठी प्रत्येक स्थितीचा एक आकडा नोंदवून ठेवला होता. पट साफ करताना मी सोंगट्या उचलत होतो, पण ती नोंदवही कोरी करत नव्हतो. डाव पुन्हा ऐकवला जाताना पहिल्याच खेळीनंतरची स्थिती वहीत आधीच होती, त्यामुळे तिच्या दृष्टीने नियमभंग झाला होता. याआधी हे कळले नाही, कारण प्रत्येक डावानंतर काही ना काही दुरुस्त करून मी प्रोग्राम नव्याने चालवत होतो आणि वही आपोआप कोरी होत होती. म्हणजे तोपर्यंतच्या माझ्या सगळ्या चाचण्यांनी ही चूक झाकून ठेवण्याचेच काम केले होते. विजेच्या नावाने मी त्या संध्याकाळी जे बोललो ते मागे घेतो.

डाव संपवणे हा उरलेला भाग होता. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा सोंगटीशी एक डाव खेळला आणि म्हणाला, “काका, सगळं भरून झालं तरी ही पास का म्हणत नाही? माझा वेळ फुकट चाललाय.” तक्रार रास्त होती. माणसे मेलेल्या, म्हणजे वेढल्या जाऊन सुटण्याची आशा न उरलेल्या, सोंगट्या पटावर तशाच सोडून पास म्हणतात आणि मग त्या मेलेल्या आहेत यावर आपसात एकमत करतात. स्वैर डावांवर वाढलेल्या प्रोग्रामला मात्र प्रत्यक्ष उचललेलीच सोंगटी मेलेली समजते, आणि सोंगट्या व वेढलेली जागा दोन्ही मोजणाऱ्या चिनी मोजणीत स्वतःच्या जागेत खेळल्याने नुकसान होत नसल्यामुळे तो खेळतच राहतो. केवळ प्रोग्राम एकमेकांशी खेळतात त्या सीजीओएस या सर्व्हरवर नेमकी हीच रीत आहे. तिथे शेवटी पटावर असलेली प्रत्येक सोंगटी जिवंत धरली जाते, मेलेल्या उचलून घेणे ही खेळणाऱ्याची जबाबदारी असते आणि वाटाघाट नसते. त्यामुळे सोंगटीला मी दोन स्वभाव दिले. माणसांसमोर प्रतिस्पर्धी पास म्हणाला आणि मोजणीत आपला निकाल बदलत नसेल तर तिनेही पास म्हणावे. सीजीओएसवर मात्र तिने सगळे उचलून होईपर्यंत थांबू नये.

सीजीओएसवर ग्नू गोच्या एका आवृत्तीला पूर्वी १८०० हा गुणांक ठरवून दिलेला असे आणि इतरांचे बळ त्यावरून मोजले जाई. सोंगटी अजून त्याच्या बरीच खाली आहे. जुन्या लॅपटॉपवर ती रात्रभर खेळते. जिन्याखालच्या पेटीसाठी मी स्वतःच्या खर्चाने एक लहान बॅटरी बसवली आहे आणि तिच्या वर्गणीचा विषय सोसायटीच्या पुढच्या सभेत आहे.